खोड, पाला आणि मूळ

रस्ता रुंद होतो. काही झाडे तोडली जातात आणि काही 'वाचवलेली' म्हणून कडेला उभी राहतात. पहिल्या वर्षी त्यांना पालवी फुटते, सर्वांना बरे वाटते. तिसऱ्या-चौथ्या वर्षी शेंड्याच्या काटक्या वाळू लागतात आणि पाहता पाहता उभ्या झाडाचे सरपण होते. कोणी म्हणते कीड लागली, कोणी म्हणते वय झाले. शहापूर-मुरबाडकडच्या शिक्षकांना हे दृश्य नवे नाही. झाड निरोगी आहे की नाही, हे कोणी आणि कशावरून ठरवायचे? हा प्रश्न मात्र या तालुक्यांना दीडशे वर्षांपूर्वीच पडला होता. तो इतिहास आपण थोडक्यात पाहू या.

मुंबई इलाख्यात सरकारी वनरक्षक म्हणून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची नेमणूक १८४७ साली झाली. पुढे रेल्वे आली. १८६१ मध्ये ती कसाऱ्यापर्यंत पोहोचली आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला गेली. रुळांखालचे स्लीपर, पूल, इंधन या सर्वांसाठी लाकूड हवे होते. १८६४ साली वनखाते स्थापन झाले आणि जर्मन वनशास्त्रज्ञ डीट्रिश ब्रँडिस त्याचे प्रमुख झाले. त्याआधी त्यांनी ब्रह्मदेशातील पेगूच्या जंगलात सागाची झाडे जाडीप्रमाणे वर्ग पाडून मोजली होती. आज किती झाडे तोडावीत म्हणजे उद्या तेवढीच तयार होतील, याचा तो हिशेब होता. व्यावसायिक वृक्षपरीक्षेची आपल्याकडची सुरुवात अशी झाली. या परीक्षेत पाहिले जाई ते खोड. सरळ, जाड, न पोखरलेले खोड म्हणजे चांगले झाड.

शहापूर-मुरबाडचा शेतकरी झाडाकडे वेगळ्या नजरेने पाही. त्याला हवा होता पाला. भाताची रोपे तयार करण्यासाठी उन्हाळ्यात वाफ्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत आणि माती यांचे थर रचून ते जाळायचे, याला राब म्हणतात. टहाळासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या दर काही वर्षांनी छाटल्या जात. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगले वाढली, तशी टहाळावर बंधने आली. छाटणीने झाडे खुरटतात आणि जंगल नासते, असे वनाधिकाऱ्यांचे म्हणणे. राबाशिवाय रोप नाही आणि रोपाशिवाय भात नाही, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की १८८५ साली सरकारला मुंबई वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. इंग्लंडहून आलेले कृषिरसायनशास्त्रज्ञ डॉ. व्होल्कर यांनीही १८९३ च्या आपल्या अहवालात राबाचा विचार केला.

यात बरोबर कोण होते? पान हा झाडाचा कारखाना. पाने गेली की अन्न बनणे थांबते आणि झाड खोडात-मुळांत साठवलेल्या अन्नावर नवी पालवी काढते. ही शिल्लक पुन्हा भरायला वेळ दिला, तर ऐन छाटणी सोसतो. बांधावरचे खांबासारखे दिसणारे, अंगभर धुमारे फुटलेले ऐन याची साक्ष देतात. वेळ दिला नाही, तर शिल्लक संपते आणि झाड खचते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते; प्रश्न प्रमाणाचा होता.

या शरीरशास्त्राचा एक मोठा दुवा अमेरिकेच्या वनसेवेतील अलेक्स शायगो यांनी जोडला. हजारो झाडे उभी चिरून त्यांनी आतल्या जखमा तपासल्या. १९७७ मध्ये त्यांनी मांडले की प्राण्याची जखम नव्या पेशींनी भरून येते, तशी झाडाची भरत नाही. झाड कुजणाऱ्या भागाभोवती रासायनिक भिंत उभारते आणि तो भाग कोंडून ठेवून बाहेरून नवे लाकूड वाढवते. म्हणून पोकळ खोडाचे झाडही बरीच वर्षे सुखाने जगू शकते. पुढे जर्मनीतील क्लाउस मॅटहेक यांनी झाडाच्या बाह्य खुणांवरून आतला दोष ओळखण्याची पद्धत रूढ केली. शेंडा वाळला आहे का, सालीला उभी चीर आहे का, बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, लाकडी हातोडीने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो का, हे क्रमाने पाहायचे. मात्र टहाळासाठी छाटलेला ऐन पुस्तकी नजरेला आजारी वाटेल. त्याच्यावर आजवर काय गुदरले, हे ठाऊक असल्याशिवाय निदान पुरे होत नाही.

खोड आणि पाला यांवरून एवढा वाद झाला. मूळ मात्र दुर्लक्षित राहिले. बांधकामात झाड मरते ते बहुधा मुळांमुळे. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या मीटरभर मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. मुळांना श्वासासाठी हवा लागते. ती मातीच्या कणांमधल्या पोकळीतून मिळते. रोलर फिरला, ट्रक उभे राहिले, मुरमाचा भराव पडला, की ही पोकळी दाबली जाते किंवा हवेची वाट बंद होते. चर खणला की मुळे तुटतात. तरीही साठवलेल्या अन्नावर झाड दोन-चार वर्षे पालवत राहते. म्हणूनच कारण आणि मरण यांचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही.

बांधकामाजवळच्या झाडांसाठी ब्रिटनमध्ये १९८० पासून एक मानक आहे. त्याच्या आजच्या नियमानुसार खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ काम सुरू होण्यापूर्वी कुंपण घालून राखायचे असते. समजा, एका आंब्याचा घेर २ मीटर आहे. व्यास सुमारे ६४ सेंटिमीटर, म्हणून त्रिज्या ७.६ मीटर आणि राखायची जमीन जवळजवळ १८३ चौरस मीटर. आपल्याकडे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरच्या आतील काँक्रीट काढण्याचा आदेश दिला. बुंध्याला श्वास मिळावा म्हणून तो आवश्यकच होता. पण एक मीटर आणि साडेसात मीटर यांतले अंतर ध्यानात घ्यावे.

महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. साग, आंबा, मोह, हिरडा, ऐन अशी अनुसूचित झाडे तोडण्यास त्यानुसार परवानगी लागते. शहरी भागांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्यातील २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष मानले. मात्र परवानगीच्या अर्जात मोजली जातात ती तोडायची झाडे. न तोडता मरणाऱ्या झाडांची नोंद कोठे होणार? समृद्धी महामार्गाचा शहापूर तालुक्यातून जाणारा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. रस्ते पुढेही होतील आणि ते हवेतही. म्हणून ही नोंद कोणीतरी ठेवली पाहिजे.

ती शाळा ठेवू शकते. गावात काम निघणार असे कळले, की विद्यार्थ्यांसह झाडांकडे जावे. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर सुतळीने घेर मोजावा. बारापट व्यास म्हणजे घेराच्या जवळजवळ चौपट. तेवढ्या लांबीची सुतळी घेऊन बुंध्याभोवती चुन्याने वर्तुळ आखावे. त्यात खडीचा ढीग, सिमेंटचे पाणी, पाइपचा चर यांपैकी काय येणार आहे, ते नकाशावर दाखवावे. झाडाचे नाव, शेंड्याची स्थिती आणि जुन्या माणसांनी सांगितलेला त्याचा इतिहास लिहावा. हा कागद काम सुरू होण्याआधी ग्रामसभेपुढे ठेवावा आणि दर पावसाळ्यानंतर, निदान पाच वर्षे, तीच झाडे पुन्हा तपासावीत. दरवर्षीचा वर्ग बदलेल, वही तीच राहील. चर खणून झाल्यावर जगातला कोणताही वृक्षतज्ज्ञ तुटलेले मूळ जोडून देऊ शकत नाही. झाड वाचवण्याची वेळ पहिले फावडे पडण्याआधीची असते.