ई-पंचनामा आणि मदत-पात्रतेची संगणकीय तपासणी (भंडारा जिल्हा)

पूर, अतिवृष्टी, वादळ यांत पडलेली घरे, भिजलेला संसार आणि बुडालेली शेती यांसाठीची शासकीय मदत कोणाला व किती द्यायची, हे ठरवताना नोंदींची पडताळणी संगणक प्रणालीकडून करून घेण्याची पद्धत. नुकसानीची पाहणी मोबाईलवर नोंदवणारे ई-पंचनामा हे ॲप नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने तयार केले. २०२३ मध्ये ते नागपूर विभागात प्रायोगिक तत्त्वावर वापरात आले आणि या विभागातला जिल्हा म्हणून भंडाराही त्यात आला. मदतीच्या याद्या ऑनलाइन भरून रक्कम थेट बँक खात्यात जमा करण्याची राज्यव्यापी व्यवस्थाही त्याच वर्षापासून रुळू लागली. या नोंदीत दोन्हींचा एकत्र विचार केला आहे.

मदतीचे दर केंद्राने राज्य आपत्ती प्रतिसाद निधीसाठी ठरवून दिले आहेत. २०२२ ते २०२६ या काळासाठीचे दर महाराष्ट्राने २७ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने लागू केले. सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घरास १,२०,००० रुपये, किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरास ६,५०० व कच्च्या घरास ४,००० रुपये, झोपडीस ८,००० रुपये आणि गोठ्यास ३,००० रुपये असे हे दर आहेत. कपड्यांसाठी आणि भांड्यांसाठी प्रत्येक कुटुंबास प्रत्येकी २,५०० रुपये मिळतात. शेतीसाठी पिकाचे किमान ३३ टक्के नुकसान झालेले असावे लागते. नुकसानीचे पूर्ण मोल भरून देण्यासाठी हे दर नाहीत, पुन्हा उभे राहण्यापुरता हात देण्यासाठी आहेत. म्हणूनच दाव्याची छाननी जितकी लांबते तितका या मदतीचा उपयोग कमी होतो.

भंडाऱ्यातील पुराचे स्वरूप समजल्याशिवाय येथील पात्रतेचा प्रश्न समजत नाही. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिच्यावरचे संजय सरोवर हे धरण त्याच जिल्ह्यात भीमगड येथे आहे. खाली पवनीजवळ ३३ दरवाजांचे गोसीखुर्द धरण आहे. बावनथडी, सूर, चुलबंद या नद्या जिल्ह्यातून वैनगंगेला मिळतात. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, वरच्या धरणांतून पाणी सुटले आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांसह नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. नागपूर, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांनाही त्याच पाण्याचा तडाखा बसला. म्हणजे बुडालेल्या गावात पाऊस किती पडला, यावर तेथील नुकसान अवलंबून नव्हते.

नेमक्या याच ठिकाणी स्वयंचलित निकष अपुरे पडतात. अतिवृष्टीचा निकष महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर बेतलेला आहे: २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस. एप्रिल २०२३ मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ हीही आपत्ती मानली. तिच्यासाठी सलग पाच दिवस रोज किमान १० मिलिमीटर पाऊस, नेहमीच्या सरासरीशी तुलना आणि उपग्रहावरून मोजलेला वनस्पती निर्देशांक असे मोजमाप ठरले. हे सारे आकडे संगणकाला क्षणात तपासता येतात. वैनगंगेच्या पुरात मात्र ते गप्प राहू शकतात, कारण पाऊस सिवनी-बालाघाटकडे पडतो आणि घर भंडाऱ्यात बुडते. पूर ही स्वतंत्र आपत्ती असल्याने पर्जन्यमापकाचा आकडा कमी म्हणून पूरग्रस्ताचा हक्क जात नाही, पण त्यासाठी पाणी कुठवर चढले होते हे कोणीतरी जागेवर जाऊन पाहावे व नोंदवावे लागते. या जिल्ह्यात पंचनाम्याचे महत्त्व म्हणूनच इतरांहून मोठे आहे.

पंचनामा पूर्वी कोऱ्या कागदावर किंवा छापील नमुन्यात होई. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून शेतीची पाहणी करत. घराच्या पडझडीसाठी अभियंत्याचा अभिप्राय घेतला जाई. ॲपमध्ये हीच पाहणी छायाचित्र, जागेचे अक्षांश-रेखांश आणि गट क्रमांकासह नोंदली जाते. न गेलेल्या शिवाराचा पंचनामा चावडीत बसून लिहिणे त्यामुळे अवघड होते, हा या पद्धतीचा खरा लाभ आहे आणि तो मोठा आहे. पण छायाचित्र एका दिवसाचे असते. कवेलूच्या छपराखालची मातीची भिंत पुरात ओल धरते आणि पाणी ओसरून ऊन पडल्यावर, काही दिवसांनी बसते. पहिल्या पाहणीत ‘अंशतः’ ठरलेले घर नंतर पूर्ण पडले, तर ४,००० आणि १,२०,००० रुपये यांतला फरक दुसऱ्या पाहणीवर अवलंबून राहतो. अशा घरांची फेरपाहणी अर्जाची वाट न पाहता आपोआप लागली पाहिजे, असे या नोंदकाराचे मत आहे.

पाहणीनंतर यादी तहसील कार्यालयातून संकेतस्थळावर चढते. तिथे आधार क्रमांक, क्षेत्र, दर आणि मर्यादा जुळतात का, एकच नाव दोनदा आले का, हे तपासले जाते. वरिष्ठांच्या मंजुरीनंतर प्रत्येक लाभार्थ्यास विशिष्ट क्रमांक मिळतो आणि याद्या गावात लावल्या जातात. तो क्रमांक घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात अंगठा लावून आधार प्रमाणीकरण केले, की रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते. २०२५ पासून शेतीच्या मदतीसाठी ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक मागितला जाऊ लागला. त्याच वर्षीच्या मोठ्या अतिवृष्टीनंतर तो क्रमांक असणाऱ्यांना वेगळ्या प्रमाणीकरणातून सूट मिळाली.

या साखळीत संगणक नुकसान तपासत नाही. तो दोन नोंदी एकमेकींशी जुळवतो. सातबारा आजोबांच्या नावे, वारसाचा फेरफार झालेला नाही, ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये वडिलांचे नाव, आधारवर आडनावाचे लेखन निराळे, खाते बंद पडलेले: यांतले एकही कारण पुराशी संबंधित नाही, तरी मदत अडवायला एक पुरते. सामाईक खात्यात तर एकाच्या नावे रक्कम घेण्यासाठी बाकीच्यांची संमती लागते आणि घरातला जुना वाद नेमका तेव्हा वर येतो. चूक नोंदीत असेल तर ती दुरुस्त करण्याचे काम आपद्ग्रस्ताचे नसून नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाचे असले पाहिजे. सध्या हेलपाटे मात्र आपद्ग्रस्तालाच घालावे लागतात.

घराच्या बाबतीत सर्वांत कठीण अट अधिकृततेची आहे. केंद्राच्या निकषांनुसार नुकसान झालेले घर सक्षम प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेले अधिकृत बांधकाम असावे लागते. पूर्व विदर्भात झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनींवर पिढ्यान्‌पिढ्या वस्त्या, शाळा, स्मशाने उभी आहेत. भंडारा हा अशा जमिनी असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच ठरवले आणि डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना नियमित करण्याची वाट ठेवली. ते नियमितीकरण प्रत्यक्ष नोंदीत उतरेपर्यंत अशा जागेवरचे घर प्रणालीच्या चौकटीत कुठे बसवायचे, हा प्रश्न पंचनामा करणाऱ्यापुढे राहतो. गावठाणातल्या घरांना स्वामित्व योजनेतून मालमत्ता पत्रके मिळत असल्याने तेथील पुरावा सोपा होत चालला आहे. गावठाणाबाहेरच्या घराला तो आधार नाही.

गैरव्यवहार थांबवणे हा संगणकीकरणाचा एक जाहीर हेतू होता. तो आपोआप साधत नाही, हे जालना जिल्ह्यात दिसले. अंबड व घनसावंगी तालुक्यांतील आपत्ती अनुदान वाटपातला अपहार २०२५ मध्ये उघडकीस आला आणि महसूल कर्मचारी निलंबित झाले. यादीत नाव चढवणारा माणूसच खोटे लिहीत असेल, तर आकडे एकमेकांशी जुळूनही यादी खोटी राहते. गावात लावलेली यादी शेजाऱ्यांनी वाचणे ही तपासणी आजही सर्वांत परिणामकारक आहे. ती ग्रामसभेत मोठ्याने वाचली गेली तर आणखी उत्तम.

भाडेकरूंचा आणि बटईने शेती करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. घराच्या पडझडीची मदत मालकाकडे जाते, तर कपडे-भांड्यांची मदत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाची आहे, मग घर कोणाच्याही नावे असो. ती घर वाहून गेल्यास, पूर्ण पडल्यास किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात राहिल्यास देय असते. काही मोठ्या पुरांत राज्याने दोन दिवसांची अट शिथिल केली. भंडारा शहराच्या सखल भागांत भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांनी पंचनाम्याच्या वेळी स्वतःचे नाव स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. बटईदाराला मात्र असा स्वतंत्र रकाना मिळत नाही: धान त्याने रोवलेला असतो, सातबारा दुसऱ्याचा असतो, आणि मदत सातबाऱ्यावरील नावामागे जाते.