तळटीप : लकडगंजातील ‘सीपी’ आणि ‘बर्मा’

‘सीपी’, ‘बर्मा’ : नागपूरच्या लकडगंजातील वखारींत सागाची ही दोन नावे अजून चालतात. ‘सीपी’ म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत गेला, १९५६ साली नागपूरचे राजधानीपणही गेले. आलापल्ली-बल्लारशाच्या सागाला मात्र ते नाव चिकटून राहिले. ‘बर्मा’ म्हणजे आजचा म्यानमार. १९३७पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच असल्यामुळे रंगूनचा साग आयातीत नव्हे, किनारी व्यापारात मोजला जाई. देश वेगळा झाला आणि तोच साग परदेशी ठरला. म्हणून त्याआधीचे व नंतरचे आकडे शेजारी ठेवून चढउतार काढणे फसवे आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली मंजूर आराखड्याबाहेरील वृक्षतोड रोखली, तर म्यानमारने १ एप्रिल २०१४पासून ओंडक्यांची निर्यातच बंद केली. त्या ओंडक्यांचा मोठा गिऱ्हाईक भारतच होता. आता घाना, इक्वेडोर येथील लागवडीचा साग येतो. सीपीचा मान अजून आहे : २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी साग बल्लारशाहून गेला. – संपा.