नवी बाजरी आणि हिवताप

आमच्या आईनं नव्या बाजरीची भाकरी दिवाळीआधी कधी खाल्ली नाही. भादवा सरता सरता खळ्यावर रास पडायची, घरातली सगळी नव्या भाकरीवर तुटून पडायची. ती मात्र कणगीतला जुना जोंधळा दळून स्वतःपुरती भाकरी थापायची. सुना विचारायच्या, उपास हाय का? ती म्हणायची, "मला सोसत न्हाई." खरं कारण घरात मला आणि दादांनाच ठाऊक होतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमचा माणदेश तसाही दुष्काळाला सरावलेला, पण त्या साली विहिरींचे तळ उघडे पडले. आई आणि दादा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. कामावर सुकडी मिळायची, रेशनला परदेशातून आलेला तांबडा मिलो. धाकटा भाऊ पाच वर्षांचा होता. त्याच्या बरगड्या लांबून मोजता याव्यात अशी गत. पण वर्षभरात त्याला साधा ताप म्हणून आला नाही.

त्र्याहत्तरला पाऊस झाला. दुष्काळी कामावर खणलेले खड्डे, नवे बंधारे, पाझर तलाव, सगळीकडं पाणी साचलं. त्याबरोबर डास झाले. बाजरीही झकास आली. आईनं वर्षभर गिळलेला हुंदका त्या बाजरीवर काढला. मामाच्या म्हशीचं दूध-तूप आणून पोराला दोन वेळा भाकरी कुस्करून चारली. पोरगं आठ दिवसांत हसायला लागलं आणि त्याच आठवड्यात त्याला हीव भरलं. घरातल्या साऱ्या वाकळा अंगावर घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. तिसऱ्या दिवशी झटके आले, शुद्ध हरपली. बैलगाडीतून तालुक्याला नेईस्तोवर तो वाटेतच गेला.

मातीला आलेल्या चुलतीनं आईला म्हटलं, "उपाशी पोराला एकदम नवं धान्य घातलंस बाई. बाधणारच." तेवढं एक वाक्य आईनं जन्मभर जपून ठेवलं.

हिवतापाचा माणूस पूर्वी पंधरा दिवसाला दारात यायचा. भिंतीवर तारीख लिहायचा, ताप आलेल्याचं रक्त काचेवर घ्यायचा, गोळ्या द्यायचा. त्या पावसाळ्यात दोन महिने तो फिरकला नव्हता. भाऊ गेल्यावर आला. घरातल्या सगळ्यांची बोटं टोचली. पंधरा-वीस दिवसांनी निरोप आला की माझ्या रक्तात हिवताप आहे. मी गोळ्या खाल्ल्या आणि वाचलो. तेव्हा देशभरच हा ताप पुन्हा डोकं वर काढत होता. डीडीटीच्या फवारणीनं 1965 च्या सुमारास देशातले रुग्ण वर्षाला लाखभरावर आले होते. 1976 साली ते चौसष्ट लाखांवर गेले.

चुलतीचं वाक्य माझ्याही मनातून गेलं नाही. पुढं भाचा डॉक्टर झाला. त्याला विचारत गेलो, त्यानं सांगितलेलं वाचत गेलो. तेव्हा कळलं, भूक आणि हिवताप यांचं नातं दुहेरी आहे.

1908 साली पंजाबात हिवतापाची मोठी साथ आली. पावसाळा सरल्यावरच्या दोन-तीन महिन्यांत तीन लाखांवर माणसं मेली. ख्रिस्तोफर्स नावाच्या इंग्रज डॉक्टरनं मागच्या कित्येक सालांची पावसाची आणि धान्याच्या भावाची नोंद मरणाच्या नोंदीशेजारी मांडली. नुसत्या मोठ्या पावसानं एवढी माणसं मरत नव्हती. आधी धान्य महाग झालेलं असायचं आणि त्यावर मोठा पाऊस पडायचा. डास सगळ्यांनाच चावतो, पण भुकेनं खंगलेला माणूस तापातून उठत नाही.

दुसरी बाजू आफ्रिकेतली. आमच्या दुष्काळाच्या आगेमागेच नायजर देशात मोठा दुष्काळ पडला होता. तिथं उपाशी माणसांना धान्य खाऊ घातल्यावर थोड्याच दिवसांत त्यांच्यातल्या अनेकांना हिवताप उसळला. मरे आडनावाच्या डॉक्टर मंडळींनी 1975 साली हे लिहून ठेवलं. जंतू अंगात आधीच होते, उपासमारीत दबून राहिले होते.

भाच्यानं ते मला शेतकऱ्याच्या भाषेत सांगितलं. हिवतापाचा जंतू रक्तातल्या तांबड्या पेशीत बसतो. त्याची स्वतःची कणगी नसते, रोजचं रोज खायला लागतं. जंतू बसलेली पेशी साध्या पेशीच्या वीस ते शंभर पट साखर ओढते. जंतूला लोहही लागतं. कोरड्या रानात पिकाबरोबर तणही खुरटतं. पाणी-खत दिलं की पीक उठतं, तसं तणही उठतं. म्हणून पाणी द्यायचं बंद करतो का आपण? खुरपणी करतो.

टांझानियाच्या पेंबा बेटावर हाच धडा मिळाला. हिवताप फार असलेल्या त्या भागात लहान पोरांना लोहाच्या गोळ्या दिल्या, तर गंभीर आजार आणि मृत्यू वाढले. 2006 साली ते छापून आलं. आता अशा भागात लोह द्यायचं तर हिवतापाचा बंदोबस्तही बरोबर हवा, असं सांगतात. आपल्याकडं गडचिरोलीसारख्या भागात कुपोषण आणि हिवताप एकाच झोपडीत नांदतात. तिथं आहार वाटणाऱ्यानं पोराचं रक्तही बघितलं पाहिजे. पण कुणी याचा उलटा अर्थ काढू नये. तापात पोराला उपाशी ठेवणं हा उपाय नव्हे. पेज, दूध, जे पोटात राहील ते द्यावं आणि रक्त त्याच दिवशी तपासून घ्यावं.

आई ऐंशीच्या पुढं गेली तेव्हा एका संध्याकाळी ओट्यावर बसून मी तिला हे सगळं सांगितलं. म्हटलं, "ताप डासानं आणला. तू भाकरी घातलीस ते बरोबरच केलंस. भाकरीसंगं गोळी पायजे व्हती, एवढंच."

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "भाकरी मी घातली. गोळी कुणी आणायची व्हती रं?"