मनोविकारनिदान : कोल्हापूर–इचलकरंजी परिसराच्या संदर्भात

मनोविकारनिदान : व्यक्तीचे वर्तन, बोलणे, विचार, भावना, स्मृती व वास्तवाचे भान यांचे पद्धतशीर परीक्षण करून तिला मनोविकार आहे की नाही आणि असल्यास कोणता, हे ठरविण्याच्या क्रियेस मनोविकारनिदान म्हणतात. मधुमेहासाठी रक्तपरीक्षा असते. बहुतेक मनोविकारांसाठी असे एखादे निर्णायक साधन नाही. परीक्षकाने स्वतः काय पाहिले आणि इतरांकडून काय ऐकले, यांवरच निदान उभे राहते. त्यामुळे परीक्षण कोणी केले, कोणाच्या सांगण्यावरून केले आणि निर्णयाचे परिणाम कोणाला भोगावे लागले, हे प्रश्न या शास्त्राच्या इतिहासात गौण नाहीत. कोल्हापूर संस्थानात १८८१–८३ या काळात ते विलक्षण तीव्रतेने पुढे आले.

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स येथे निधन पावले. त्यांच्यामागे सावर्डेकर भोसले घराण्यातील नारायणराव यांस १८७१ मध्ये दत्तक घेण्यात आले व चौथे शिवाजी या नावाने ते गादीवर आले. त्यांचा जन्म १८६३ चा. म्हणजे राज्याभिषेकाच्या वेळी ते आठ वर्षांचे होते. संस्थानचा कारभार व बालराजाचे शिक्षण या दोहोंवर ब्रिटिश अधिकाऱ्यांची देखरेख असे. महाराज वयात येत असतानाच त्यांचे चित्त ठिकाणावर नाही असे सरकारी गोटातून सांगितले जाऊ लागले आणि १८८२ मध्ये कागलचे अधिपती जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या नेतृत्वाखाली राजप्रतिनिधी मंडळ नेमण्यात आले. कागल, विशाळगड, बावडा व घोरपड्यांची इचलकरंजी या कोल्हापूरच्या प्रमुख मांडलिक जहागिरी होत्या. छत्रपतींच्या मनःस्थितीचा निर्णय हा म्हणूनच केवळ राजवाड्यापुरता प्रश्न नव्हता.

पुण्याच्या वृत्तपत्रांनी नेमकी उलट बाजू मांडली. महाराज वेडे नसून त्यांचा छळ होत आहे, तो थांबला तर ते सुधारतील, असा त्यांचा रोख होता. १८८१ मध्येच सुरू झालेल्या केसरी व मराठा या पत्रांनी संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. आरोपांना आधार म्हणून पुढे केलेली पत्रे बनावट ठरली आणि जुलै १८८२ मध्ये बाळ गंगाधर टिळक व गोपाळ गणेश आगरकर यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढून ते २६ ऑक्टोबर १८८२ रोजी सुटले. आगरकरांनी या कारावासावर पुढे पुस्तक लिहिले. खटल्याने बर्वे यांच्या अब्रूचा निकाल लागला. महाराजांच्या मनःस्वास्थ्याचा लागला नाही, आणि तो प्रश्न न्यायालयापुढे नव्हताही. ही गोष्ट पुढील चर्चेत वारंवार विसरली गेली आहे.

महाराजांना अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे ठेवण्यात आले होते. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. मार्च १८८४ मध्ये आबासाहेब घाटगे यांचे पुत्र यशवंतराव यांस दत्तक घेण्यात आले. तेच राजर्षी शाहू महाराज होत.

चौथ्या शिवाजी महाराजांना कोणता विकार होता, हे आज मागाहून ठरविण्याचा प्रयत्न निष्फळ आहे. एका पक्षाचे लिखाण त्यांना वेडे ठरविण्यासाठी, तर दुसऱ्याचे शहाणे ठरविण्यासाठी झालेले. दोन्हींत रुग्णाचे स्वतःचे शब्द जवळजवळ नाहीत. धाक, एकांत व पहारा यांखाली असलेल्या विशीच्या आतील तरुणाचे अबोलपण किंवा संताप हे विकाराचे लक्षण की परिस्थितीचा परिणाम, हे वेगळे करण्याची पद्धतही त्या वेळी रूढ नव्हती. एमिल क्रेपेलीन (१८५६–१९२६) या जर्मन मनोविकारतज्ज्ञाचा ग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला तो १८८३ मध्येच, म्हणजे महाराजांच्या मृत्यूच्या वर्षी. विकाराचे नाव एका भेटीतील लक्षणांवरून न देता त्याचा आरंभ, क्रम व परिणती वर्षानुवर्षे पाहून द्यावे, या त्याच्या भूमिकेतून पुढे छिन्नमानस व उन्माद-अवसाद हे दोन मोठे वर्ग वेगळे झाले. आयुर्वेदातही चरकाने उन्मादाचे पाच प्रकार सांगितले होते. परंतु संस्थानी राजकारणात त्या ज्ञानाला वाव नव्हता.

ब्रिटिश हिंदुस्थानात वेड्यांसंबंधीचे कायदे १८५८ पासून होते. संस्थानी मुलखास ते लागू नव्हते. १९१२ च्या कायद्याने प्रमाणपत्राचा जो नमुना दिला, त्यात डॉक्टरने स्वतः पाहिलेल्या गोष्टी आणि इतरांनी कळविलेल्या गोष्टी निरनिराळ्या लिहाव्या लागत. कारकुनी वाटणारी ही अट वास्तविक या शास्त्राचा कणा आहे. आजच्या परीक्षणाचे वृत्तेतिहास व मनःस्थितिपरीक्षण असे जे दोन भाग पडतात, त्यांच्या मुळाशी हाच भेद आहे.

वृत्तेतिहासात तक्रार केव्हा व कशी सुरू झाली, पूर्वीचा स्वभाव, झोप, व्यसन, घराण्यातील आजार इत्यादींची नोंद होते. मनःस्थितिपरीक्षणात पेहराव व हालचाली, बोलण्याची गती, भाववृत्ती, संभ्रम, निर्वस्तुभ्रम, स्थलकालाचे भान, स्मृती आणि आपण आजारी आहोत याची जाणीव पाहिली जाते. आत्महत्येचे विचार आहेत काय, हे स्पष्ट शब्दांत विचारावे लागते. विचारल्याने ते मनात भरतात ही समजूत चुकीची आहे. तत्पूर्वी शारीरिक कारण वगळणे आवश्यक असते. तापात होणारा वात, अपस्मार, डोक्याची इजा, अवटु ग्रंथीचे विकार किंवा दारू एकाएकी सोडल्याने होणारा कंप व भ्रम ही मनोविकारासारखी दिसतात.

इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या शहरात परीक्षकाला आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. मागाच्या खडखडाटात वर्षे काढलेल्या कामगाराला कमी ऐकू येत असल्यास त्याची उत्तरे असंबद्ध वाटू शकतात. रात्रपाळीमुळे मोडलेली झोप ही उन्मादातील निद्रानाशाहून निराळी असते. मराठी, कन्नड व हिंदी बोलणारी कुटुंबे शेजारी राहतात. तेव्हा दुभाषा म्हणून घरचाच माणूस घेतल्यास रुग्णाचे बोलणे त्याच्या इच्छेप्रमाणे वळते. यल्लम्मा किंवा जोतिबाच्या उपासनेत अंगात येणे हा समाजमान्य आचार असून तेवढ्यावरून निदान करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून अमलात आलेल्या, अकराव्या रोगवर्गीकरणातही अशा मान्य आचारांना विकाराच्या व्याख्येतून वगळले आहे.

रुग्णालयात डॉक्टर रुग्णाला काही मिनिटे पाहतो, परिचारिका पाळीभर. कोण जेवला नाही, कोण पहाटे तीनला उठून बसला, कोण एकटाच कुजबुजतो, हे तिच्या नोंदवहीतूनच कळते. बंगळूर येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत परिचारिकांना मनोविकार परिचर्येचे पदविका शिक्षण मिळू लागले. महाराष्ट्रातील जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर व रत्नागिरी येथे असल्याने कोल्हापूर जिल्ह्यासारख्या भागात पहिले निरीक्षण सामान्य रुग्णालयातील परिचारिकेकडेच येते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाच्या तिसऱ्या कलमानुसार राजकीय, आर्थिक वा सामाजिक दर्जावरून, अथवा समाजाच्या नैतिक वा सांस्कृतिक मूल्यांशी न जुळण्यावरून, कोणास मनोरुग्ण ठरविता येत नाही. निर्णयक्षमता गंभीरपणे ढासळलेल्या रुग्णास नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करावयाचे असल्यास दोघांनी त्यास स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असतो. दुसरी व्यक्ती नोंदणीकृत मनोविकार परिचारिकाही असू शकते. असा प्रवेश प्रथम जास्तीत जास्त ३० दिवसांचा असतो आणि त्याविरुद्ध रुग्णास पुनर्विलोकन मंडळाकडे अर्ज करता येतो.