कच्चा लिंबू आणि डियाब्लोचा बाजार

खेळातल्या फसवणुकीचा विषय निघाला की कोणीतरी शकुनीचं नाव काढतं, म्हणून आधीच सांगतो, शकुनी आज बाहेर बसेल. त्याला फाशांची गोडी नव्हती, त्याला राज्य हिसकावून घ्यायचं होतं. मला बोलायचं आहे ते अशा माणसांबद्दल, ज्यांना फसवून दमडीही मिळत नाही आणि तरी ती फसवतात. त्यांना मिळतं तरी काय?

डियाब्लो हा कॉम्प्युटरवरचा खेळ १९९६च्या अगदी अखेरीस आला. तळघरात उतरायचं, राक्षस मारायचे, आणि मेलेल्या राक्षसाकडून तलवार, चिलखत, अंगठी जे काही पडेल ते उचलायचं. काय पडेल ते नशिबावर. ब्लिझर्ड कंपनीने त्याच वेळी बॅटल डॉट नेट ही सेवा काढली, म्हणजे इंटरनेटवरून चार जणांनी एकत्र खेळायची सोय, तीही फुकट. मेख एकच होती. तुमच्या पात्राची सगळी नोंद तुमच्याच कॉम्प्युटरवर राहायची. परीक्षेची उत्तरपत्रिका विद्यार्थ्याने घरी नेऊन स्वतःच गुण भरावेत, तशातला प्रकार! व्हायचं तेच झालं. लोकांनी नोंदी बदलल्या, हवी ती तलवार तयार केली, अमर झाले. गावात हिंसा होऊ नये असा खेळाचा दंडक होता, तिथेही काही जण इतरांना मारू लागले. मेलेल्या खेळाडूचा कान खाली पडायचा, त्यावर त्याचं नाव. तो कान म्हणजे मारणाऱ्याची कमाई.

योहान ह्युइझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली 'होमो लुडेन्स' या ग्रंथात एक मार्मिक भेद केला आहे. फसवणारा निदान खेळत असल्याचं सोंग तरी करतो. डाव उधळून लावणारा तेवढंही करत नाही. म्हणून समाज फसवणाऱ्याला एक वेळ सांभाळून घेतो, उधळणाऱ्याला नाही. बर्नार्ड सूट्स हा तत्त्वज्ञ १९७८ साली 'द ग्रासहॉपर'मध्ये आणखी मुळाशी गेला. खेळणं म्हणजे काय? गरज नसलेले अडथळे आपखुशीने अंगावर घेणं. गोल्फचा चेंडू हाताने नेऊन खळग्यात टाकता येतो की! पण मग ते गोल्फ राहत नाही.

आता आमच्या वाड्यातलं सांगतो. माझा धाकटा भाऊ कच्चा लिंबू असायचा. तो कितीदाही पकडला गेला तरी त्याच्यावर राज्य येत नसे. पहिले काही दिवस स्वारी खुशीत होती. मग एका संध्याकाळी तो अंगणाच्या मधोमध बसून रडू लागला, "मला पण आउट करा!" आम्हाला हसू आलं. त्याचं म्हणणं मला कळलं ते पुढे सूट्स शिकवताना. डियाब्लोमधला अमर झालेला खेळाडू म्हणजे कच्चा लिंबूच. फरक इतकाच, की तो ही गोष्ट इतरांपासून लपवतो. त्याला पक्क्या खेळाडूचा मान हवा असतो, आणि तो मान इतरांनी प्रामाणिकपणे खेळल्यामुळेच शिल्लक असतो.

२००० साली डियाब्लोचा दुसरा भाग आला. या वेळी कंपनीने पात्रांच्या नोंदी आपल्या सर्व्हरवर ठेवायची व्यवस्था केली. फसवणूक संपली का? छे. आता वस्तूंच्या नकला निघू लागल्या. खेळातलं सोनं इतकं मुबलक, की त्याला किंमत उरली नव्हती. 'स्टोन ऑफ जॉर्डन' नावाची अंगठी चलन झाली होती, आणि नकला तिच्याच. २००३च्या सुधारणेत कंपनीने गमतीचा उपाय केला. या अंगठ्या पुरेशा संख्येने दुकानदाराला विकल्या गेल्या की एक भयंकर राक्षस अवतरायचा. त्याला मारण्याच्या हौसेपायी लोक अंगठ्या आपण होऊन विकून टाकू लागले. रिझर्व्ह बँकेलाही हेवा वाटावा अशी युक्ती!

खरी कसोटी पुढेच होती. २०१२च्या तिसऱ्या भागात एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागायचं, कारण सगळं सर्व्हरवर. शिवाय कंपनीने अधिकृत लिलावघर उघडलं. खेळातल्या सोन्याने किंवा खऱ्या पैशाने तलवार घ्या. विचार असा, की लोक बाहेर चोरून व्यवहार करतात आणि नाडले जातात. मग आपल्याच छपराखाली केलेले काय वाईट? यात कोणी कोणाला फसवत नव्हतं, नियम पाळले जात होते. पण तळघरात न उतरता तलवार मिळणं, म्हणजे १९९७चे लबाड जे करत होते नेमकं तेच, आता कायदेशीर झालं होतं. सप्टेंबर २०१३मध्ये कंपनीने जाहीर केलं, की राक्षस मारून वस्तू मिळवणं हा या खेळाचा गाभा आहे आणि लिलावघर त्यालाच धक्का लावतं. १८ मार्च २०१४ला ते बंद झालं.

म्हणून मी ह्युइझिंगापेक्षा सूट्सकडे झुकतो. नियम मोडला की नाही हे दुय्यम. अडथळा उरला की नाही ते पाहायचं. माझ्या या मताला एक अडचण मात्र आहे, आणि ती मी लपवणार नाही. काही जणांना तो बाजारच आवडला होता. स्वस्तात घ्यायचं, भाव चढला की विकायचं, तळघराचं तोंड पाहायचं नाही. त्यांचीही रात्र रात्र जागरणं व्हायची, त्यांचेही अंदाज चुकायचे. ते खेळत नव्हते असं मला सूट्सच्या व्याख्येने म्हणता येत नाही, आणि त्यांचा डाव मात्र बंद झाला. त्यांच्या बाजूने बोलायला कोणी तयार असेल, तर प्रश्नोत्तरांत पहिली संधी त्यांना.