शिवराईवरील दोष : टांकसाळींतले व टांकसाळीबाहेरचे

जुनें नाणें हातीं आलें असतां त्यावरील विकृति टांकसाळींत झाली कीं नंतर, हें प्रथम ठरविलें पाहिजे. शिवराईच्या बाबतींत या निर्णयास विशेष महत्त्व आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ हा लेख असलेलें हें तांब्याचें नाणें शिवछत्रपतींच्या निधनानंतर (इ. स. १६८०) पेशवाईंतहि पाडलें जात होतें. लेख बहुधा तोच राहिल्यामुळें अक्षरांचें वळण व ऱ्हस्वदीर्घ यांवरूनच अभ्यासकांस वर्गवारी करावी लागते. अशा स्थितींत एखादा ओरखडा वेलांटी म्हणून वाचला गेला, तर कधींहि न पाडलेला प्रकार इतिहासांत दाखल होतो.

पोथ्या चाळणाऱ्यांस हा भेद नवा नाहीं. मूळ प्रतींतील लेखकप्रमाद तिच्यावरून उतरलेल्या प्रतींत येतो. कसर मात्र ज्या पोथीस लागली तिच्यापुरतीच. त्याचप्रमाणें ठसा कोरतांना झालेली चूक त्या ठशाच्या सर्व नाण्यांवर त्याच जागीं उमटते. उलटें अक्षर किंवा सुटलेली मात्रा दिसल्यास त्याच ठशाचें दुसरें नाणें शोधावें, ही पहिली कसोटी.

दुसरी कसोटी उंचसखलपणाची. ठशांत जें खोल, तें नाण्यावर उंच. ठशास तडा गेला असतां तांबें त्यांत शिरून नाण्यावर उंच रेघ उठते. ओरखडा याच्या उलट खोल असतो, व त्याच्या कडेस सरकलेल्या धातूचा काठ बहुधा दिसतो. तसेंच झिजेनें अक्षरांचे उंच भाग आधीं जातात. एकच अक्षर नाहींसें होऊन शेजारचीं ठसठशीत राहिलीं असतील, तर त्या जागीं ठसा मळानें बुजला होता काय, हें पाहावें.

ठोकतांना झालेले दोष मात्र एकेका नाण्यापुरतेच असतात. त्यांस पहिली कसोटी लागू पडत नाहीं. दोनदां ठोकलेल्या नाण्यावर पहिल्या छापाचे अवशेष दुसऱ्याखालीं दिसतात. आधींचें नाणें वरच्या ठशास चिकटून राहिलें, तर पुढच्या चकतीवर एका बाजूस लेख सुलटा व उंच, आणि दुसऱ्या बाजूस तोच लेख उलटा व खोल उमटतो. दोन तयार नाणीं एकमेकांवर ठेवून घण घातल्यानेंहि खोल उलटा लेख उठतो. पण तेथें मूळ छापाचीं चेपलेलीं अक्षरें शिल्लक राहतात व बाहेरची बाजू सपाट होते. नवशिक्या संग्राहकाची फसगत येथेंच होते.

ठसा चकतीहून मोठा असल्यामुळें लेखाचा कांहीं भाग चकतीबाहेर जाणें हा शिवराईचा नित्याचा प्रकार आहे. ‘शिव’ दिसत नाहीं म्हणून दुसरा राजा कल्पूं नये.

शेवटीं एक विनंति. चिंच व राख लावून नाणें घासूं नये. तांब्यावर चढलेला थर ओरखड्याच्या तळाशींहि अखंड असेल, तर ती इजा जुनी. तळ लखलखीत असेल, तर अलीकडची. घासलेल्या नाण्यावर ही साक्ष उरत नाहीं. नवा प्रकार प्रसिद्ध करणारांनीं वजन, व्यास व दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें द्यावीं. आणि जोडीचें नाणें मिळेपर्यंत त्यास ‘प्रकार’ न म्हणतां ‘नमुना’ म्हणावें, असें आम्हांस वाटतें.