उशिरा मांडलेले शून्य

धावा काढील तो पराक्रमी, ही आपली क्रिकेटवर पोसलेली समजूत. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मात्र चेंडू फेकणाऱ्या गड्याची, म्हणजे पिचरची, थोरवी प्रतिपक्षाच्या नावापुढील शून्याने मोजतात. प्रत्येक पक्षाला नऊ डाव. तीन गडी बाद झाले की डाव संपला. एकाच पिचरने सर्व डाव फेकून समोरच्यांना एकही धाव मिळू दिली नाही, तर त्याच्या नावावर ‘शटआउट’ लागतो.

२० ऑगस्ट १९४८ च्या रात्री क्लीव्हलँडच्या मैदानावर ७८,३८२ प्रेक्षक जमले होते. पिचर होता सॅचेल पेज. वय बेचाळीस! या वयात खेळाडू मैदान सोडून सुखाने आठवणी सांगत बसतात; आणि हा गृहस्थ वरिष्ठ संघात नवखा म्हणून महिनाभरापूर्वीच दाखल झालेला. कारण एकच, कातडीचा रंग. कृष्णवर्णीयांना घेऊ नये असा लेखी नियम नव्हता. मालकांची आपसांतली मूक संमती होती. असल्या अलिखित नियमांशी भांडायचे तरी कसे? कागदच नाही, तर फाडणार काय?

अलाबामातल्या मोबील गावचा हा मुलगा स्टेशनावर सामान वाहायचा. त्यावरूनच ‘सॅचेल’, म्हणजे पिशवी, हे नाव पडले असे तो सांगे. वीसएक वर्षे तो कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या ‘निग्रो लीग’मध्ये खेळला. हंगाम संपला की गावोगाव सामने करीत हिंडायचा. त्या सामन्यांत गोऱ्यांचे नामांकित फलंदाज त्याच्यापुढे उभे राहत. तिथे विटाळ नव्हता; तिकिटांचे पैसे दोघांनाही हवे होते.

१९४७ साली जॅकी रॉबिन्सनने ती भिंत फोडली. पुढच्या वर्षी ७ जुलैला, पेजच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, क्लीव्हलँड संघाचे मालक बिल व्हीक यांनी त्याच्याशी करार केला. ‘स्पोर्टिंग न्यूज’ या वजनदार साप्ताहिकाचे चालक टेलर स्पिंक यांनी लगेच झोड उठविली : हा खेळाची पत घालवणारा जाहिरातीचा तमाशा आहे! व्हीक जाहिरातबाज होतेच, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण संघ अजिंक्यपदाच्या झुंजीत होता. एकेक सामना तोलून घ्यावा लागत होता. अशा वेळी निव्वळ गमतीखातर कोणी म्हाताऱ्याच्या हाती चेंडू देत नाही.

१३ ऑगस्टला शिकागोच्या मैदानावर पेजने व्हाइट सॉक्स संघाला ५–० असे कोरडे ठेवले. आठवड्याने तोच संघ क्लीव्हलँडला आला. या खेपेला पेजच्या पाठीशी पाच नव्हे, एकच धाव होती. एक चूक झाली की बरोबरी. नऊ डावांत प्रतिपक्षाला तीनच यशस्वी फटके मिळाले. १–० ! व्हीक यांनी स्पिंकना खोडसाळ तार ठोकली : वर्षातला सर्वोत्तम नवोदित म्हणून पेजचा विचार व्हावा.

हंगामाअखेर क्लीव्हलँड आणि बोस्टन बरोबरीत राहिले, एका जादा सामन्याने निकाल लागला आणि क्लीव्हलँड पुढे जाऊन विश्वमालिका जिंकले. पेजचे सहा विजय नसते तर? हिशेब वाचकांनीच करावा.

१९५२ मध्ये, सेहेचाळिसाव्या वर्षी, त्याने सेंट लुईसकडून डेट्रॉइटविरुद्ध बारा डाव फेकून पुन्हा १–० असा शटआउट घेतला. १९६५ साली कॅन्सस सिटीच्या मालकांनी त्याला झुलत्या खुर्चीत बसवून, शेजारी परिचारिका उभी करून, लोकांपुढे मांडले. खुर्चीतून उठून एकोणसाठ वर्षांच्या पेजने तीन डाव फेकले. धाव एकही नाही.

१९७१ साली त्याचा गौरव ठरला, तोही आधी वेगळ्या दालनात! ओरड झाली तेव्हा मुख्य दालनाचे दार उघडले. १९८२ मध्ये तो वारला. निग्रो लीगला वरिष्ठ दर्जा मिळाला २०२० साली, आणि तिथले आकडे अधिकृत नोंदीत आले २०२४ साली. गावोगाव हिंडून खेळलेले सामने त्यातही धरलेले नाहीत.